हाताला न कळणारी सायकल

“डोळ्यांना कळलं तरी चालेल, पण हाताला कळता कामा नये,” ती म्हणाली.

मी एका चाकाचे स्पोक आवळत होतो. पाना तसाच हातात राहिला. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि त्यातली चौदा वर्षं दुकानात गेली होती. गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा मी बघितल्या होत्या. कुणाला दोन घंट्या हव्या असायच्या, कुणाला मडगार्डवर नातवाचं नाव. पण अशी अट आजवर कुणी घातली नव्हती.

“कुणाच्या हाताला?” मी विचारलं.

“आमच्या आप्पांच्या. त्यांना दिसत नाही.”

तिनं सायकल भिंतीला टेकवली. निळी, एकवीस गियरची, पुढे धक्के झेलणारं शॉकअब आणि ट्रॅक्टरला शोभतील असे गोट्यागोट्यांचे टायर. ही सायकल दुकानात शिरायच्या आधी मला ऐकू आली होती. असले टायर डांबरावर घूंऽऽ करत येतात, वळणापलीकडूनच कळतं. तिच्या ओढणीच्या टोकाला आणि दोन्ही मनगटांना हळद लागलेली होती. जानेवारी संपत आला होता, सांगलीत हळदीचे सौदे सुरू झाले होते, आणि त्या दिवसांत आमच्या गावात ऊनसुद्धा जरा जास्तच पिवळं पडतं.

त्या वर्षांत डोंगरी सायकलींचं खूळ होतं. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोराला ती पाहिजेच. आता सांगलीत डोंगर कुठला? दंडोबाला जायचं म्हटलं तरी मिरज ओलांडावी लागते. पोरं चार महिने मिरवायची, मग पुण्याला नाहीतर परदेशी जायची, आणि सायकल पडवीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडायची. मला त्यातून एक काम सुचलं होतं. मी त्या सायकली घ्यायचो, पुढचं शॉकअब काढून चाक धरायला साधा चिमटा बसवायचो, गोट्यांचे टायर काढून सपाट, बारीक टायर घालायचो, हँडल उंच करून माणसाकडे ओढून घ्यायचो, वर रुंद सीट, मडगार्ड, स्टँड, कॅरियर. बाजाराला जायला, बँकेत जायला, पाठ ताठ ठेवून आरामात चालवायला. आमचे वडील, अण्णा, गल्ल्यावर बसून माझी थट्टा करायचे. म्हणायचे, “वाघाची म्हैस करायलंय हे पोरगं.” मी म्हणायचो, दूध म्हैसच देते की.

पण म्हैस झालेली हाताला कळता कामा नये, हे जरा अवघडच होतं.

“जरा नीट सांगा,” मी म्हणालो आणि तिला स्टूल दिलं.

तिचं नाव त्रिशला चौगुले. मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर कारकून होती आणि हरिपूरला राहायची. जायला सात किलोमीटर, यायला सात. सायकल तिच्या भावाची, आदिनाथची. तो तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला. आई नव्हती. घरात ही आणि वडील. आप्पा सूतगिरणीत फिटर होते, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तसे घरी बसले.

“ही सायकल मला होत नाही,” ती म्हणाली. “सगळं अंग पुढं वाकून मनगटांवर येतंय. पाठीत इथं कळ येते. डॉक्टर म्हणतात, सायकल सोडा.”

“मग बसनं जा की.”

“सव्वापाचला पेढी सुटते. बस सहानंतर. आप्पा दिवस बुडायच्या आत जेवतात. दिवस बुडाला की पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि मी वाढल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. शेजारच्या काकूंनी वाढून बघितलं, नको म्हणाले. म्हणजे मला उशीर झाला तर म्हातारा माणूस सकाळपर्यंत उपाशी.”

आम्ही मगदूमही जैनच, त्यामुळे हे मला फोड करून सांगावं लागलं नाही. आमची आईही सूर्याकडे बघतच भाकरी थापायची. मी मात्र गाड्यावरची भजी खायला दिवस बुडायचीच वाट बघायचो, ते सोडा.

“सायकल तर करून देतो,” मी म्हणालो. “पण हाताचं काय?”

ओढणीचं पिवळं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “मी घरी पोचते तेव्हा आप्पा फाटकात उभे असतात. रोज. मी सायकल त्यांच्या हातात देते आणि पळत आत जाते, सकाळचं गरम करायला आणि भाकरी टाकायला. ते बाहेर सायकलवरून हात फिरवत राहतात, पुढून मागपर्यंत. आदूची आहे ना. त्याचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही दोन मिनिटं. त्यांना तेवढीच एक वस्तू उरलीय त्याची. ती मी मोडून माझी करून टाकली असं व्हायला नको.”

“बरं.”

“माझ्या पाठीवरून काही त्यांनी असा हात फिरवलेला मला आठवत नाही,” ती म्हणाली, आणि लगेच हसली. “जाऊ दे. ते तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही सायकल बघा.”

मी सायकल उचलून चाक फिरवलं. “येताना तो घूं घूं आवाज ऐकता ना? तो तुमचा जोर आहे. पायातला जोर चाकाला लागायच्या ऐवजी निम्मा रस्त्यावर सांडतोय.”

“मग सांडणं बंद करा,” ती म्हणाली.

अमावास्येला मार्केट यार्ड बंद असतं. त्या दिवशी दुपारी ती परत आली. अण्णा जेवून वर झोपले होते, वीज गेली होती आणि दुकानाच्या पुढच्या पत्र्यावर चिमण्यांचा तेवढा आवाज होता. मी म्हणालो, “आप्पांच्या हाताला काय कळतं ते मला बघायचं झालं तर डोळे बांधायला पाहिजेत.” मी खुंटीवरचा पंचा काढला आणि स्वतःच्याच डोळ्यांवर बांधला. काम म्हणून बांधला, दुसरा काही विचार नव्हता, असं मी त्या दिवशी स्वतःला बजावत होतो.

अंधारात सायकल निराळीच असते. चौदा वर्षांत मी हजारभर सायकली हाताळल्या असतील, पण सायकल इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं. उजव्या मुठीचं रबर फाटलेलं लागलं. आडव्या नळीला एक खोच होती, अंगठा बरोबर बसेल एवढी. सीटचं कव्हर पुढे टोकाला उसवलेलं. दोऱ्याचे दोन शेंडे वर आले होते.

“इथं हात थांबतो त्यांचा,” तिचा आवाज डाव्या बाजूनं आला. “हँडलवर. मग असा खाली. मग सीट. मला दारातून पाठमोरे दिसतात, तेवढंच सांगता येतं.”

“शॉकअबला हात लावतात?”

“हँडल खाली दाबतात. मग ते खाली बसतं आणि परत वर येतं. दोनदा करतात.”

म्हणजे साधा चिमटा बसवायचा माझा नेम इथं मोडला. शॉकअब ठेवायचं, पण आतली स्प्रिंग कडक करायची. मुठी त्याच राहणार, फाटक्या रबरासकट. हँडलही तेच, फक्त ते ज्या नळ्यावर बसतं तो आखूड आणि उंच. दोन बोटं वर आलं तर हाताला काय कळणार? सीटमध्ये मऊ फोम, आणि वर तेच जुनं कव्हर ताणून शिवायचं, शेंडेसुद्धा तसेच ठेवून. टायरची मला काळजी होती, पण तेव्हा एका तऱ्हेचे टायर निघाले होते, मध्ये सपाट आणि कडेला गोट्या असलेले. रस्त्याला लागतो तो भाग गुळगुळीत आणि बोटाला लागतात त्या गोट्या. मी हे सगळं पंचा न सोडता बोलत होतो, आणि ती मध्ये मध्ये “हं” म्हणत होती. हळदीचा वास येत होता. मला वाटतं, मी गरजेपेक्षा बराच वेळ तो पंचा बांधून ठेवला होता.

“ओ मगदूम,” ती शेवटी म्हणाली, “सायकल संपली. तुम्ही आता भिंत चाचपायलाय.”

पुढच्या गुरुवारी सकाळी ती पेढीवर जाताना सायकल माझ्याकडे ठेवून गेली. सामान सगळं तयार होतं. मी दिवसभर दुसरं काम हातात घेतलं नाही. शेवटी डोळे मिटून पुन्हा एकदा पुढून मागपर्यंत हात फिरवला. खोच होती तिथं होती, शेंडे होते तिथं होते. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, “काय मिळवलंस? दिवसभर राबून सायकल होती तशीच ठेवलीस.” ही त्यांनी केलेली माझी सगळ्यात मोठी स्तुती होती, त्यांना ते माहीत नव्हतं एवढंच.

साडेपाचला ती रिक्षातून उतरली. मी सीट तिच्या उंचीला लावली. टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होतो का बघितलं. मग ती बसली आणि रस्त्यावर एक फेरी मारून आली. येताना काही आवाज नाही. कोपऱ्यावरचं झोपलेलं कुत्रं पण उठलं नाही.

“अहो, ही चालतीय का तरंगतीय?” ती म्हणाली. पाठ ताठ, मान वर. तीन-चार वेळा येऊन गेली होती, पण तिची मान एवढी सरळ मी पहिल्यांदाच बघत होतो.

“आवाज बघा,” मी ऐटीत म्हणालो. “एक थेंब सांडत नाही आता.”

ती हसत हसत हरिपूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, त्यांच्या सावल्यांतून पडलेले उन्हाचे तुकडे, आणि त्यातून ती काही एक आवाज न करता लहान लहान होत गेली. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. अण्णांनी दोनदा हाक मारली म्हणतात, मला ऐकू आली नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

“मगदूम, आप्पा घरात नाहीत.” तिला धाप लागली होती. “फाटक सताड उघडं हाय. काठी नाही, चप्पल नाही. काकू म्हणतात, फाटकात उभे होते. त्यांना वाटलं, मी आले असेन.”

“तुम्ही कधी पोचलात?”

“आत्ता. मी संगमावर गेले होते. फाटकावरूनच पुढं गेले. सायकल एवढी पळाली, वीस मिनिटं हातात होती माझ्या. तीन वर्षांत कधी उरली नव्हती. म्हटलं, नदीवर जाऊन यावं जरा. ते फाटकात होते की नव्हते, बघितलंसुद्धा नाही मी.” आणि ती रडायला लागली.

“तुम्ही गावात बघा. मी इकडून येतो,” म्हणून मी फोन ठेवला, मोटरसायकलला किल्ली लावली, आणि तिथंच थांबलो.

आपण काय केलं ते मला त्या क्षणी कळलं. रोज संध्याकाळी म्हातारा फाटकात उभा असायचा, तो घड्याळ बघून थोडाच? त्याला लांबून घूंऽऽ ऐकू यायचं. चिंचांपासून फाटकापर्यंत तो आवाज वाढत यायचा. आम्ही दोघांनी डोळे बांधून, दोऱ्याचे शेंडे मोजून त्याचा हात सांभाळला, आणि कान साफ विसरलो. आज त्याच्या समोरून पोरगी गेली तरी त्याच्या लेखी ती आलीच नव्हती. आणि रस्त्याच्या कडेच्या शेतांत हळदीची पेवं. आमच्याकडे पूर्वी हळद जमिनीखालच्या त्या खोल पेवांत साठवायचे. मोठ्या पुरात त्यातली बरीच खचली, तोंडं तशीच उघडी राहिली, वर गवत वाढलं. डोळस माणूससुद्धा तिथं जपून पाय टाकतो.

मी मोटरसायकल सोडली. आत रूपांतराला आलेली एक तांबडी डोंगरी सायकल टांगलेली होती, अजून हात न लावलेली. ती खाली काढली, टायर दाबून बघितले आणि निघालो.

त्या रस्त्यावर मी आयुष्यात एवढी जोरात सायकल मारली नसेल. जोरात मारली की आवाज मोठा होतो. सूर्य नदीच्या अंगाला उतरलेला, शेतांवर पिवळसर धूर धरलेला, कुठेतरी हळद शिजवत असावेत. चाकांखालून घूंऽऽ निघत होतं आणि चिंचांखाली गेलं की ते दुप्पट होत होतं. चौदा वर्षं ज्या आवाजाला मी नावं ठेवली तो आज जरा मोठा व्हावा म्हणून मी जीव काढत होतो. हरिपूरच्या कमानीपर्यंत गेलो. परत फिरलो. पुन्हा गेलो.

तिसऱ्या फेरीला डाव्या अंगानं हाक आली.

“ए! हिकडं!”

रस्त्यापासून पन्नास पावलांवर, गुडघाभर गवतात एक उंच म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, काठी समोर धरलेली. मी सायकल घेऊन धावलो.

“थांब, थांब! पळू नको,” तो ओरडला. “माझ्या म्होरं पेव खचलंय. काठी आत गेली माझी. तू उजवीकडनं ये.”

आंधळा माणूस मला वाट दाखवत होता आणि मी मुकाट्यानं उजवीकडून गेलो. त्यांचा दंड धरून त्यांना मी रस्त्यावर आणलं. चिंचेच्या बुंध्याशी आलो तसा त्यांनी माझा हात सोडला आणि हातानं सायकल शोधली.

मग मी ते बघितलं. त्रिशलानं तीन वर्षं दारातून पाठमोरं बघितलं ते मी समोरून बघितलं.

त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. एकदा हळू, एकदा पुरते. पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडल पुढेमागे हलवलं, हँडलखालची वाटी ढिली आहे का बघायला. हँडल दोनदा खाली दाबलं. नळीवरून बोटं फिरवत ब्रेकची तार शेवटपर्यंत गेले, कुठं तुटलीय का ते नखानं बघत. सीट धरून पिळली. मग वाकून पुढचा टायर कडेनं चिमटीत धरला, मागचा धरला. मी सायकलवाला. हे मी रोज करतो. हात फिरवणं वेगळं आणि सायकल तपासणं वेगळं, ते सांगायला मला कुणी लागत नाही.

“ही तिची नव्हं,” ते उठत म्हणाले. “हिचा डावा ब्रेक ढिला हाय. कोण तू? माझी पोरगी कुठाय?”

“मी मगदूम, सायकलवाला. त्रिशला घरी पोचलीय, सुखरूप आहे. तुम्हालाच शोधायलीय. आप्पा, तुम्ही रोज हेच करता?”

“काय?”

“सायकल तपासता?”

“मग दुसरं काय करू?” ते चिडून म्हणाले. “मला दिसत नाही. वाटेत तिचा ब्रेक गेला, तार तुटली, पोरगी कुठं पडली, तर मी कसा जाऊ शोधायला? म्हणून आली की बघून ठेवायचं. उद्याचं तेवढं तरी आपल्या हातात. आज आवाजच आला नाही. दिवस कलला तरी आला नाही. मग निघालो. जाऊन काय करणार होतो ते मला ठाऊक नव्हतं, पण निघालो.”

मी फोन काढून तिला सांगितलं, चिंचांजवळ या. पाच मिनिटंही झाली नसतील. ती आली ती मला दिसली, पण आवाज काही नव्हता. ती अजून दहा पावलांवर असताना आप्पांनी मान वळवली. “हळदीचा वास,” ते म्हणाले. “आली.”

ती सायकल टाकून त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. आप्पांनी आडवी पडलेली सायकल चाचपून उभी केली. त्यांचे हात पुन्हा फिरले. ब्रेक, हँडल, तार, सीट, टायर. चौदा वर्षांची माझी कारागिरी होती ती.

“हँडल दोन बोटं वर आलंय,” आप्पा म्हणाले. “आणि अलीकडं. स्प्रिंग कडक केलीय. सीटच्या आत कायतरी मऊ भरलंय. टायर नवे, मधी सपाट.” त्यांनी सीटच्या टोकाला बोट लावलं. “आणि ह्ये जुनं कातडं वर परत चढवलंय, उसवलेलं. ते कशाला?”

त्रिशलानं माझ्याकडे बघितलं.

“मगदूम, ते कशाला?”

“तुम्हाला कळू नये म्हणून,” मी म्हणालो.

“आदूची आठवण आहे ना तुमची,” त्रिशला म्हणाली. “तुम्ही रोज हात फिरवता तिच्यावरून. मला वाटलं, मी ती बदलली तर तुमच्याकडं काय राहणार?”

“आदूची?” आप्पांना खरोखरच समजेना. “आदू चार महिने बसला तिच्यावर. मी एकदा तरी बघितली होती काय त्याची सायकल? तो जाताना फोन करायचा, येताना फोन करायचा. तू सात किलोमीटर येतीस ती पण गप्प, जातीस ती पण गप्प. तुझी सायकल हाय ती. तीन वर्षं तुझीच तर बघतोय.”

त्यांनी सीट पुन्हा दाबून बघितली. “सीट मऊ कशाला केली?”

“पाठ दुखतीय.”

“कवापासनं?”

“दोन वर्षं झाली.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही कुठं विचारलं?”

“व्हय. ते चुकलं,” आप्पा म्हणाले. त्यांनी सायकल माझ्याकडे दिली आणि हात पुढे केला. तिचा खांदा सापडला. मग तो मोठा, फिटरचा, बोटांची पेरं जाड झालेला हात तिच्या पाठीवरून खाली आला आणि मध्ये थांबला. अंगठ्यानं हळूच दाबलं. “इथं?”

“जरा खाली.”

“इथं?”

तिनं मान हलवली. त्यांना दिसणार नव्हती, पण हाताला कळली असावी. मी तोंड फिरवून नदीकडे बघत उभा राहिलो. सूर्य बुडत होता, त्याची शेवटची कड राहिली होती. ती पण गेली. म्हणजे आता आप्पा जेवणार नव्हते. त्रिशलाही जेवली नाही, मला नंतर कळलं. मी काही एवढा नेमाचा माणूस नव्हतो, पण त्या रात्री भज्यांच्या गाड्यावरून पुढे निघून गेलो. आम्ही तिघंही दोन गावांत उपाशी झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरिपूरला गेलो. सीटचं जुनं कव्हर काढून नवं घातलं. तेलाच्या प्लास्टिकच्या डब्याची एक पट्टी कापून मागच्या चाकाजवळ चिमटीनं बसवली, लहान पोरं स्पोकला पत्त्याचं पान लावतात तशी. चाक फिरवलं की तर्रर्र वाजायला लागली. आप्पा फाटकात उभे राहिले आणि त्रिशलानं चिंचांपासून एक फेरी मारली.

“पहिला आवाज बरा होता,” आप्पा म्हणाले. “ह्यो फटफटीवाणी वाटतोय. पण चालंल.”

पट्टी झिजते, ती बघायला लागते. मी आठवड्यातून एकदा बघायला जायचो. मग दोनदा. त्या उन्हाळ्यात एकदा आप्पांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मगदूम, पट्टीच बघायला येतोस की आणि काय?” मी म्हणालो, “आणि पण.” त्यावर ते इतके हसले की आतून त्रिशला बाहेर आली.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आप्पांना जाऊन पाच वर्षं होतील. ते गेले त्यानंतर महिन्याभरानं मी पट्टी काढायला घेतली होती. म्हटलं, आता कशाला? त्रिशलानं पाना माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, “का? तुम्हाला ऐकायला येत नाही काय?”

मी आता दुकान पाचला बंद करून हरिपूरला येतो. आधी दूध तापवतो, मग फाटकात जाऊन उभा राहतो. पावणेसहाच्या सुमाराला चिंचांखालून तर्रर्र ऐकू येतं. ती सायकल माझ्या हातात देते आणि आत जाते. मी दोन्ही ब्रेक दाबतो, हँडल हलवून बघतो, तारेवरून बोट फिरवतो, टायर चिमटीत धरतो. डोळे मिटूनच करतो, तसं बरं कळतं.

“बघून झालं का?” ती आतून विचारते. “दिवस चालला.”

“झालं,” मी म्हणतो, आणि आम्ही जेवायला बसतो.